डॉक्टरला फोन लावण्याआधी म्हशीकडे नीट बघा

“डॉक्टर, म्हस वैरण खाईना झालीया.” पहाटेची धार झाली की असे फोन सुरू होतात. कोल्हापूरजवळच्या करवीर तालुक्यात गुरांचा डॉक्टर म्हणून फिरतो, त्यामुळे सवयीचं झालंय. मी विचारतो, “रवंथ करते का?” पलीकडून उत्तर येतं, “बघून सांगतो.” ते बघायचं कसं, तेवढंच इथं सांगतो.

आधी लांबून बघा, हात लावू नका. मी गोठ्यात शिरलो की म्हस कान टवकारते, अंग चोरते, श्वास वाढतो. तिचं रोजचं वागणं मला दिसतच नाही, ते तुम्हालाच ठाऊक.

निरोगी म्हस वर आलेला घास साधारण 40 ते 70 वेळा चावते आणि मग गिळते. दुपारभर तोंड हललंच नसेल तर डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ दाबून धरा. 2 मिनिटांत दोन-तीनदा तरी पोटानं मुठीला वर ढकललं पाहिजे.

कुट्टीतून, म्हणजे बारीक कापलेल्या वैरणीतून, तार किंवा खिळा पोटात गेला असेल तर चाल बोलते. पाठ कमानीसारखी, पुढच्या पायांची कोपरं अंगापासून लांब, बसताना कण्हणं. पन्हाळ्याकडच्या चढउताराच्या रानात हे पटकन कळतं: चढ चढते, पण उतारावर पाय टाकत नाही. पोटफुगीचं औषध पाजत दिवस घालवू नका, लगेच बोलवा.

पान्हा चोरते, म्हणजे दूध वर ओढून धरते, म्हणून इंजेक्शन टोचायची घाई तर अजिबात नको. घाबरली किंवा दुखलं की पान्हा अडतोच. सडाला चीर आहे का, कास गरम आहे का, धार काढणारा माणूस बदललाय का, हे आधी बघा. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकतात, तिथं एवढ्या गर्दीतही म्हशी धार देतात, कारण जागा, वेळ आणि हात ओळखीचे असतात. घरची बाई माहेरी गेली की तिची साडी अंगावर घेऊन धारेला बसणारे नवरे मी पाहिलेत. हसू नका, बऱ्याचदा काम होतं.

माज, म्हणजे गाभण राहायची वेळ, म्हशीत मुका असतो, गाईसारखा उघड दिसत नाही. रात्री नाहीतर पहाटे बघा: सारखी थोडी थोडी लघवी, मागून गळणारा काचेसारखा चिकट सोट (स्राव), मधूनच ओरडणं, दूध कमी. माज पहाटे दिसला तर संध्याकाळी भरवा (रेतन करून घ्या), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय, उगाच ओरडतेय, अंगावर येतेय. घरचे म्हणतात, घशात काहीतरी अडकलंय. तोंडात हात घालू नका. पिसाळलेलं कुत्रं चावलेलं असू शकतं. लाळ जखमेला लागली असेल तर साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठा.

मी येईन तेव्हा गल्ली गोळा करू नका. दावं रोज वैरण टाकणाऱ्याच्याच हातात द्या. आणि जमलं तर माझ्या येण्याआधी मोबाईलवर मिनिटभर तिचं चालणं-बसणं टिपून ठेवा.