रातांब्याची बी आत्ता वाळवा, घाण्याचं नंतर बघू

रोहिणी नक्षत्र लागलं की कोकणातल्या घराघरांत आमसुलं वाचवायची धावपळ सुरू होते. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, बी मात्र खळ्याच्या कोपऱ्यात, चिकट गरासकट, तशीच पडून राहते. आषाढात फोडली की आत काळा पडलेला मगज (बीचा गाभा) निघतो, तेल खवट होतं आणि खापर फुटतं बचतगटाने नव्याने घेतलेल्या तेलाच्या यंत्रावर.

तेव्हा मृगाआधीचे हे दिवस बीला द्या. फळं फोडली त्याच दिवशी बी टोपलीत निथळत ठेवा. निथळलेला रस सोलांना, म्हणजे वाळत्या सालींना, पुटं द्यायला लागतोच. मग चिकटा जाईपर्यंत चोळून धुवा आणि ताडपत्रीवर एकच थर पसरा. दिवसातून तीनदा हात फिरवायचा. कडक ऊन असेल तर चार-पाच दिवस लागतात, पण दिवस मोजण्यापेक्षा बी कानाशी धरून हलवा. मगज खुळखुळला आणि टरफल एका घावात फुटलं, तर वाळली. नुसतं दबलं, तर अजून ऊन हवं. सोलर ड्रायर असलेल्या गटांनी मळभाच्या दिवसांसाठी एक ट्रे बीकरिता राखावा. साठवण गोणपाटात, फळीवर, भिंतीपासून लांब. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, ती आतून घामेजते.

बीच्या वजनाच्या साधारण पाव भाग स्निग्धांश असतो. उखळात कुटून, पाण्यात उकळून, वर आलेलं तेल काढून मुठेल (थिजलेल्या तेलाचे गोळे) वळायच्या पद्धतीत त्यातला बराचसा चोथ्यातच राहतो. शिवाय मुठेलात पाणी अडकतं आणि श्रावणात बुरशी येते. या बुरशीवर यंत्राची गरज नाही. लोणी कढवतो तसं तेल मंद आचेवर कढवा, तडतड थांबली की गरम असतानाच गाळा.

यंत्र घ्यायचंच असेल तर आधी टरफल फोडायचं घ्या, असं माझं मत. खांदे भरून येतात ते त्याच कामात. एक्सपेलर, म्हणजे बी दाबून तेल गाळायचं यंत्र, फक्त कोकमासाठी परवडणं कठीण. खोबरंही गाळणार असाल तरच विचार करा. शिवाय कोकमाचं तेल 40 अंशांच्या आसपास वितळतं. पावसाळी गारव्यात ते नळीतच थिजतं, म्हणून यंत्र आधी गरम करून घ्यावं लागतं आणि खोबऱ्याकडे वळण्याआधी नीट साफ करावं लागतं. हे विक्रेता सहसा सांगत नाही.

आता जरा लांबची गोष्ट. पूर्व नायजेरियात 1940 आणि 1950 च्या दशकांत पाम तेलाच्या ‘पायोनिअर’ गिरण्या आल्या. तिथला रिवाज असा, की तेल पुरुषांचं आणि आठळीतल्या मगजाचा पैसा बायकांचा. गिरणी अख्खं फळ विकत घेऊ लागली, पैसे नवऱ्यांच्या हातात पडू लागले आणि बायकांनी गिरण्यांविरुद्ध आंदोलनं केली. तेल पूर्वीपेक्षा जास्त निघत होतं, तरीही.

आपल्याकडेही बी वेचणं, धुणं, फोडणं बहुतेक घरांत बायकांकडेच. म्हणून पावती कुणाच्या नावावर, गाळपाचा किलोमागे दर किती, पेंड कुणाची आणि बिघाड झाला तर खर्च कुणी करायचा, हे चार ठराव यंत्र येण्याआधी गटाच्या वहीत सह्यांनिशी लिहा. घरच्या पुरुषमंडळींसमोर वाचून दाखवलेत तर आणखी बरं.

पैशांसाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. बचतगटातल्या प्रक्रिया करणाऱ्या सभासदाला 40 हजारांपर्यंत बीजभांडवलही धरलेलं आहे. यंदा अर्ज घेतले जात आहेत का, ते तालुका कृषी कार्यालयात आधी विचारा, मगच कोटेशन मागा.

आणि कोटेशनला जाताना आपलीच पाच किलो वाळलेली बी सोबत न्या. समोर गाळून दाखवायला सांगा, तेल आणि पेंड दोन्ही वजनकाट्यावर ठेवा.