मोठ्या दुखापतीनंतर घरच्यांनी मदत कशी करावी, आणि ती कमी कशी करत न्यावी

मोठी दुखापत झाली की पहिल्या पंधरवड्यात माणसांची कमतरता नसते. टंचाई सुरू होते ती सहाव्या आठवड्याच्या आसपास. तोवर टाके निघालेले असतात, विचारपूस करणारे आपापल्या कामाला लागलेले असतात, आणि अवघड व्यायाम नेमके तेव्हाच सुरू होतात. मांडीचं किंवा नडगीचं हाड जुळायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. मणक्याला किंवा डोक्याला मोठा मार असेल तर हिशोब वर्षांत करावा लागतो. म्हणून माणसांची ताकद पहिल्याच महिन्यात संपवून चालत नाही, ती पुरवून वापरावी लागते.

आधी कागद, मग धावपळ

"काही लागलं तर सांग हं" हे वाक्य मनापासूनचं असतं, पण त्याचा उपयोग शून्य. लोळत पडलेला माणूस आधीच ओशाळलेला असतो. तो फोन करून काही मागणार नाही. त्याऐवजी "मंगळवारी आणि शुक्रवारी ४ वाजता मी व्यायामाला नेईन" असं सांगा.

एका कागदावर तीन रकाने आखा: काम, कोण, कधी. औषधं, अंघोळ, व्यायाम, दवाखान्यात नेणं-आणणं, धुणं, मुलांचा अभ्यास, बिलं आणि विम्याचे कागद, रात्रीची सोबत हे सगळं त्यात येऊ द्या. "नुसतं बसून गप्पा" हेही काम म्हणूनच लिहा, कारण ते लिहिलं नाही तर कोणीच करत नाही. रात्रीची जागरणं एकाच माणसाच्या गळ्यात पडू देऊ नका. आठवड्यातून एक पूर्ण रात्र आणि एक अर्धा दिवस मुख्य काळजीवाहकाला सुट्टी हवीच. न झोपलेला माणूस गोळी दोनदा देतो किंवा उचलताना घाई करतो.

डॉक्टरांशी एकानेच बोलायचं आणि बाकीच्यांना त्यानेच कळवायचं. घरी सोडताना तीन गोष्टी लिहून घ्या. पायावर वजन किती आणि कोणत्या तारखेपर्यंत: अजिबात नाही, नुसता पंजा टेकवायचा, अर्धं, की सोसेल तेवढं? कोणत्या हालचाली बंद? कोणती लक्षणं दिसली तर रात्रीसुद्धा फोन करायचा? घरातली निम्मी भांडणं या कागदाअभावी होतात. एक म्हणतो "चाल", दुसरा म्हणतो "हलू नको", आणि पेशंट मध्ये. डॉक्टरांनी १५ किलो वजन टाकायला सांगितलं असेल तर वजनकाट्यावर तो पाय ठेवून काटा १५ वर येईपर्यंत हळूहळू दाबायला लावा. चार-पाच वेळा केलं की पायाला अंदाज बसतो.

वेदनेच्या आणि सर्दीच्या गोळ्या एकत्र चालू असतील तर पाकिटावरची नावं वाचा. दोन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं, आणि निरोगी प्रौढालाही २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर चालत नाही.

पलंगावरून खुर्चीत

विश्वास जोडला जातो किंवा तुटतो तो इथे. एकदा पडला की पेशंट पुढचे कित्येक दिवस उठायला घाबरतो.

खुर्ची पेशंटच्या धडधाकट बाजूला, पलंगाला ३० ते ४५ अंशांत लावा. चाकाची असेल तर दोन्ही ब्रेक लावा आणि पायठाणी बाजूला करा. त्याला पलंगाच्या कडेवर बसवा आणि एक-दोन मिनिटं तसंच बसू द्या. बरेच दिवस आडवं राहिल्यावर एकदम उठलं की रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. पायात घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणं हवीत. मोजे घालून फरशीवर उभं करायचं नाही. ज्या पायावर वजन चालतं त्याचं पाऊल गुडघ्याच्या थोडं मागे घ्यायला लावा. मग पुढे वाकायचं, नाक पावलांच्या टोकाच्या वर येईपर्यंत. हे वाकणं चुकलं की माणूस मागे कोसळतो आणि तुम्ही त्याला ओढू लागता.

काखेत हात घालून उचलू नका, दंडाला धरून ओढू नका. एक बाजू लुळी असेल तर तो खांदा निखळू शकतो. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा, तुमचे गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा. "एक, दोन, तीन" पेशंटने म्हणायचं, तुम्ही नाही. वेळ त्याने ठरवली की शरीर तयार असतं.

कुबड्यांवर जिना चढताना धड पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि कुबड्या आधी. मदतनीस नेहमी खालच्या पायरीवर: चढताना मागे, उतरताना पुढे. कुबडीचं डोकं आणि काख यांत दोन-तीन बोटांचं अंतर ठेवा आणि भार तळहातांवर घ्या. काखेवर लटकत चाललं की नस दबते आणि हाताला मुंग्या येतात.

हात मागे बांधायला शिका

प्रेमळ घरांत सर्वांत जास्त चुकतं ते हे. शर्टाची बटणं लावायला पेशंटला १० मिनिटं लागतात, तुम्हाला अर्धं मिनिट. तुम्ही लावून देता. आठवडाभर असं झालं की बोटं अडखळतात ती अडखळतातच, आणि त्याला वाटू लागतं की हे आता आपल्याला जमणारच नाही.

प्रत्येक कामासाठी चार पायऱ्या धरा: करून देणं, हात लावणं, नुसतं जवळ उभं राहणं, हाकेच्या अंतरावर असणं. सगळी कामं एकाच वेळी एकाच पायरीवर नसतात. दात घासणं चौथ्या पायरीवर पोचलेलं असेल आणि अंघोळ अजून दुसऱ्या. कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी. एवढं सांगा आणि खुर्चीवर बसून पाहत राहा. जमेना तर एकच बटण लावा, सगळी नकोत. यात मदत करण्यापेक्षा गप्प बसणं अवघड जातं, हे मान्य आहे.

चांगल्या दिवसाची भीती

वाईट दिवसापेक्षा चांगला दिवस जास्त नुकसान करतो. दुखणं कमी वाटलं की माणूस दुप्पट चालतो आणि पुढचे दोन दिवस झोपून काढतो. त्यावर उपाय मोजण्याचा. तीन साध्या दिवसांत तो किती मिनिटं चालतो ते लिहा आणि सरासरी काढा. ती १० मिनिटं आली तर सुरुवात ८ पासून करा. मग दर आठवड्याला साधारण दहावा हिस्सा वाढवा. चांगल्या दिवशीही तेवढंच. वाईट दिवशी निम्मं, पण शून्य नाही. व्यायामानंतर दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत आदल्या पातळीवर उतरलं तर मात्रा बरोबर आहे. सकाळी जास्त ठणकत असेल किंवा सूज चढली असेल तर मात्रा जास्त झाली. थांबवण्याचं काम घरच्यांचं, कारण पेशंट स्वतः थांबत नाही.

बोलायचं काय

"सगळं ठीक होईल" म्हटलं की बोलणं तिथेच मिटतं. दर तासाला "फार दुखतंय का?" विचारलं की लक्ष दुखण्यावरच खिळतं. वेदनेची चौकशी औषधाच्या वेळी करा. एरवी घरातली, कामावरची, खेळाची बातमी सांगा. तो रडत असेल तर "उपाय सुचवू, की नुसतं ऐकू?" हा प्रश्न पुरतो. डोक्याला मार असेल तर एका वेळी एकच पाहुणा, १५-२० मिनिटं, टीव्ही बंद. त्याची चिडचिड बऱ्याचदा स्वभावाची नसते, थकलेल्या मेंदूची असते.

घरच्यांना जे जमत नाही ते तशाच दुखापतीतून वर्ष-दोन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला जमतं. फिजिओथेरपिस्टला विचारून अशी एक गाठ घालून द्या. इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल रुग्णालयात १९४४ मध्ये मणक्याच्या दुखापतींचा विभाग सुरू करणाऱ्या डॉ. लुडविग गुटमान यांनी पेशंटना खेळात एकत्र आणलं. २९ जुलै १९४८ ला तिथे १६ जखमी सैनिकांची, स्त्री-पुरुषांची, धनुर्विद्येची स्पर्धा झाली. पॅरालिम्पिकची मुळं तिथली. त्याच विभागात, पडून राहून जखमा होऊ नयेत म्हणून, पेशंटला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कुशीवर वळवलं जाई.

उदासी दोन आठवडे हटली नाही, किंवा महिना उलटूनही अपघात स्वप्नात आणि जागेपणी डोळ्यांपुढे येत राहिला, तर डॉक्टरांना सांगा. जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर होय असेल तर एकटं सोडू नका, गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी उपचार मिळवा.

यावर थांबून राहू नका

एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि दुखणं: मालिश करू नका, दवाखाना गाठा. एकदम धाप लागली किंवा छातीत दुखलं तर रुग्णवाहिका. प्लास्टरमध्ये वेदना वाढतच चालली, बोटं बधिर किंवा फिकी पडली तर त्याच तासाला. माकडहाड, टाचा आणि नितंबांच्या बाजू रोज पाहा. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर फिका पडत नसेल तर जखमेची ती सुरुवात आहे. गडद त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा टणक लागतं का ते बघा.

दर रविवारी यादी नव्याने

आठवड्याच्या शेवटी तो कागद पेशंटच्या हातात द्या, पेन त्यालाच धरू द्या. बसून बिलं भरणं, कपड्यांच्या घड्या घालणं, मुलांची गणितं तपासणं हे तो लवकर घेऊ शकतो. नुसतं घेत राहिलेला माणूस खचतो. कोणाच्या तरी उपयोगी पडतोय असं वाटलं की तोच व्यायामाची आठवण करून देतो. "कोण" या रकान्यात आठवड्याला एखादं तरी नाव खोडून तिथे त्याचं नाव यावं. दोन आठवडे काहीच खोडलं गेलं नाही, तर पुढच्या भेटीत फिजिओथेरपिस्टपुढे तो कागदच ठेवा. अडलंय शरीर, भीती, की घरच्यांचा हात, हे त्यावरून पाच मिनिटांत कळतं.