ऊसबिल हातात आलं की आधी हे करा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत बावीस वर्षं मी पोस्टाच्या आरडीचे, म्हणजे दर महिन्याच्या बचतीचे, पैसे गोळा करत घरोघरी फिरते. त्यामुळं कुणी पैसे कुठं घातले आणि कुठं बुडाले, हे मला चुलीपाशी बसून ऐकायला मिळतं.

आमच्या मामांनी ऊसबिलाचे दोन लाख एका योजनेत घातले. महिना दहा टक्के. चार महिने वीस-वीस हजार हातात पडले, म्हणून मामींच्या पाटल्या मोडून आणखी तीन लाख घातले. सहाव्या महिन्यात ऑफिसला कुलूप. लोक म्हणाले, हाव नडली. मला ते पटत नाही. मामांना लेकीच्या लग्नाचं कर्ज फेडायचं होतं आणि समोरचा धडधडीत खोटं बोलत होता.

तर पैसे देण्याआधी हिशेब मांडा. महिना दहा टक्के व्याज मुद्दलातच घालत गेलं, तर लाखाचे वर्षात तीन लाख चौदा हजार होतात. उद्यमनगरातल्या कुठल्याही कारखानदाराला विचारा, लाखामागं वर्षाला दोन लाख सुटतात का.

मग परवानगी बघा. मामांना भिंतीवरचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट दाखवलं होतं. ते कंपनीच्या नोंदणीचं होतं. कंपनी काढणं वेगळं, लोकांकडून ठेवी घेणं वेगळं. ठेवी घ्यायची मुभा आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर शोधा. पोराला मोबाइलवर बघायला सांगा. शेअरचा सल्ला देणारा असेल तर त्याचा सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नोंदणी क्रमांक मागा. २०१९ च्या कायद्यानं बेकायदा ठेव योजना चालवणंच नव्हे, तिची जाहिरात करणंही गुन्हा आहे. पाहुण्यांतला कुणी गळ घालत असेल, तर त्याला हे जरूर सांगा.

बँकेतली ठेव पाच लाखांपर्यंत विम्यात असते. मुद्दल आणि व्याज धरून, एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून. जास्त असतील तर दुसऱ्या बँकेत ठेवा. पतसंस्थेला हा विमा नाही, हे कितीतरी बायकांना माझ्याकडूनच पहिल्यांदा कळतं.

लोकांनी आपले पैसे कुठं ठेवावेत, यात सरकारनं पडावं का? पडावंच. माझे यजमान शिरोलीच्या फाउंड्रीत होते. पीएफची बारा टक्के कपात बघून दर महिन्याला चिडायचे. काम सुटलं तेव्हा हातातलं सगळं संपलं होतं, उरली ती तेवढीच रक्कम. पण धोक्याचे सगळेच व्यवहार बंद करा असं मी म्हणणार नाही. सेबीच्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरचा भाव पुढं काय होईल यावर पैसे लावायच्या व्यवहारांत, उतरलेल्या शंभर सामान्य माणसांतल्या त्र्याण्णव जणांचं नुकसान झालं. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवूनही कुणी जात असेल, तर तो त्याचा निर्णय. आकडा लपवला किंवा खोटा सांगितला, तर मात्र सरकारनं मध्ये आलंच पाहिजे.

फसलात तर लाजून घरात बसू नका. आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार द्या. ठेवीदारांसाठीच्या १९९९ च्या राज्याच्या कायद्यात योजनावाल्याची मालमत्ता जप्त करून पैसे परत देण्याची तरतूद आहे. करारपत्र, पावत्या, पासबुकातल्या नोंदी, व्हॉट्सअॅपवरचे निरोप, सगळं जपून ठेवा. आणि रोख कधीच देऊ नका. मामांचे दोन लाख चेकनं गेले होते, त्यांचा दावा दाखल झाला. पाटल्यांच्या तीन लाखांची पावतीच नाही.