काळ्या पानांवरचे कॉलेजचे फोटो न फाडता कसे काढायचे

१९५०च्या दशकातल्या अल्बममध्ये होस्टेलचे, गॅदरिंगचे फोटो काळ्या पानांवर डिंकाने घट्ट बसलेले असतात. नखाने उचकटले की कोपरा गेलाच.

१. आधी अख्ख्या पानाचा मोबाईलवर फोटो घ्या. खालची पांढऱ्या शाईतली नावं लाखमोलाची. ‘मी, डावीकडून तिसरा’ एवढ्यावरून आम्हाला आजोबा सापडले!
२. मेण नसलेला डेंटल फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) कोपऱ्याखाली सरकवा आणि पानाला लागूनच करवतीसारखा हळूहळू पुढेमागे ओढा.
३. अडलं तर जोर लावू नका. पलीकडे फोटो नाही ना ते बघून भोवतीचं पान कापा, पाठीला चिकटलेलं तसंच राहू द्या.

पाणी, वाफ अजिबात नको. फोटोवरचा जिलेटिनचा थर ओला झाला की फुगतो, चिकट होतो. परत लावताना डिंकाऐवजी फोटोची टोकं अडकवायचे कागदी कोपरे वापरा.