एआयएस किनारा-केंद्र: आधी अँटेना, मग रिसीव्हर

जहाजांचे एआयएस (जहाजाची ओळख, स्थान व वेग आपोआप रेडिओवरून कळवणारी यंत्रणा) संदेश टिपणारे केंद्र किनाऱ्यावर उभारताना बहुतेकांचे लक्ष रिसीव्हरच्या निवडीवर असते. माझ्या मते मात्र पैसा आणि मेहनत आधी अँटेनाच्या जागेवर खर्चावी. हे संदेश १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या व्हीएचएफ (अति उच्च वारंवारितेच्या रेडिओ पट्ट्यातील) वारंवारितांवर येतात व साधारणपणे दृष्टिरेषेतच पोहोचतात, त्यामुळे पल्ला मुख्यतः उंचीवर ठरतो. केंद्राच्या अँटेनाच्या आणि जहाजावरील अँटेनाच्या मीटरमधील उंचींची वर्गमुळे काढून त्यांच्या बेरजेला ४.१२ ने गुणले की अंदाजे पल्ला किलोमीटरमध्ये मिळतो. २५ आणि १६ मीटर उंचींसाठी तो सुमारे ३७ किलोमीटर येतो.

अँटेना याच वारंवारितांसाठी बनवलेली, उभी आणि समुद्राच्या दिशेने मोकळी असावी. लोखंडी खांबाला समांतर व अगदी लगत ती बसवू नये. केबलकडे तर विशेष लक्ष द्यावे, कारण आरजी-५८ सारख्या बारीक केबलच्या २० मीटर लांबीत निम्म्याहून अधिक शक्ती वाया जाते. म्हणून जाड, कमी ऱ्हासाची केबल घ्यावी, किंवा रिसीव्हरच वर जलरोधक पेटीत ठेवून माहिती नेटवर्क केबलने खाली आणावी. खाऱ्या हवेत जोडण्या लवकर गंजतात, तेव्हा प्रत्येक जोडणीवर स्वतःत मिसळणारी रबर टेप घट्ट गुंडाळावी. आकाशातील विजेपासूनचे संरक्षक आणि भूसंपर्कन (अर्थिंग) यांत तडजोड नको.

रिसीव्हर म्हणून एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा, सॉफ्टवेअरवर चालणारा छोटा रेडिओ) वापरत असल्यास वारंवारितेतील त्रुटीची दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये आठवणीने भरावी.