रेकॉर्ड प्लेअरची ‘हंऽऽ’ थांबत नाही? अर्थिंगच्या या चुका टाळा

सुई तबकडीवर टेकलेलीही नसते, तरी स्पीकरमधून सलग ‘हंऽऽ’ ऐकू येतं. हीच ती ‘हम’. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा, म्हणजे सुईची थरथर विजेत बदलणाऱ्या भागाचा, सिग्नल असतो जेमतेम 5 मिलिव्होल्ट. फोनो प्रीअ‍ॅम्प तो सुमारे शंभर पट वाढवतो, आणि रेकॉर्डवर खाचा कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला असल्याने खालचे सूर त्याहून जास्त उचलतो. आपली वीज 50 हर्ट्‌झची, म्हणजे नेमकी त्याच पट्ट्यातली. टोनआर्मचा, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचा, धातू अर्थ झालेला नसेल, तर आसपासच्या विजेची गुणगुणही मोठी होऊन बाहेर पडते.

म्हणून प्लेअरमधून निघणारी बारीक तार लोंबती ठेवू नका. ती फोनो प्रीअ‍ॅम्पच्या किंवा अ‍ॅम्पच्या ‘जीएनडी’ (ग्राउंड, म्हणजे अर्थ) लिहिलेल्या स्क्रूलाच लावायची. चोर बाजारातून आणलेल्या जुन्या अ‍ॅम्पचा स्क्रू बहुधा गंजलेला असतो. तो पॉलिश पेपरने घासा. रंगावर दाबून बसवलेल्या तारेचा काही उपयोग होत नाही.

ही तार भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थच्या भोकात खुपसणं तर फारच वाईट. तीन पिनांचा अ‍ॅम्प आधीच तिथे जोडलेला असतो; दुसरी वाट मिळाली की दोन्ही मिळून लूप, म्हणजे अर्थच्या तारांचा बंद फेरा, तयार होतो आणि हम वाढू शकते. शिवाय हात चुकून तार फेजच्या भोकात गेली, तर टोनआर्मवर थेट 230 व्होल्ट येतील.

आणि अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पिन कृपा करून काढू नका. पिन काढल्यावर हम कधीकधी खरंच थांबते, म्हणूनच हा सल्ला इतका पसरला आहे. पण उद्या आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं, तर अ‍ॅम्पच्या पत्र्यात वीज उतरेल आणि तिला जमिनीत जायला तुमच्याखेरीज वाट उरणार नाही. त्यापेक्षा सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. अ‍ॅम्पला टीव्ही जोडलेला असेल तर त्याची केबलची तार काढून ऐका, लॅपटॉप असेल तर चार्जर काढून ऐका. लूप बऱ्याचदा तिथेच सापडतो.

रेगा कंपनीच्या बऱ्याच प्लेअरना वेगळी तार नसतेच. आर्मचं अर्थिंग सिग्नलच्या केबलमधूनच जातं. तिथे हौसेने जादा तार जोडू नका.

प्रत्येक हम अर्थिंगचीच असते असंही नाही. एकाच स्पीकरमधून येत असेल तर अ‍ॅम्प बंद करून प्लेअरकडून अ‍ॅम्पमध्ये येणाऱ्या डाव्या-उजव्या आरसीए (सिग्नलच्या) पिनांची अदलाबदल करा. हम दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली, तर दोष प्लेअरकडे किंवा त्याच्या केबलमध्ये आहे. मग कार्ट्रिजमागच्या चार तारा बघा: पांढरी-निळी डावीकडची, लाल-हिरवी उजवीकडची. निळी किंवा हिरवी सैल झाली तरी जोरदार हम येते. आर्म मध्याकडे नेताना आवाज वाढत असेल तर कार्ट्रिज मोटरचं चुंबकीय क्षेत्र पकडतंय. प्लेअर हलवल्यावर बदलत असेल तर शेजारच्या अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर तपासा. अशा वेळी अर्थच्या तारेशी झटापट करण्यापेक्षा प्लेअर अ‍ॅम्पपासून हातभर लांब ठेवून पाहा.