कुलगुरूंच्या ऑफिसमधून कॅम्पसला मेल जातो तेव्हा: पार्टटाइम काम, सुरक्षा आणि समावेश यावर कसं लिहायचं

वरून आलेला मेल मुलं कशी वाचतात ते एकदा शेजारी बसून बघा. एक लेक्चर संपवून दुसऱ्याला जाताना, मोबाईलवर, अंगठ्याने भराभर सरकवत, आणि पहिल्याच ओळीत "आपल्या विद्यापीठाच्या गौरवशाली परंपरेला अनुसरून" असलं काही दिसलं की संपलं, मेल बंद. खाली चौथ्या परिच्छेदात लिहिलेलं असतं की पुढच्या महिन्यापासून लायब्ररीतले पार्टटाइम तास कमी होणारेत, आणि ज्या मुलीचा खर्च त्या तासांवर चालतो तिला ते कळतं थेट शिफ्टला पोचल्यावर. म्हणून हे लिहितोय, कुलगुरू, डीन, रजिस्ट्रार आणि त्यांच्यासाठी ड्राफ्ट बनवून देणारी जी ऑफिसातली मंडळी असतात त्यांच्यासाठी.

ड्राफ्ट उघडायच्या आधी एका कागदावर एकच वाक्य लिहा: हा मेल वाचून कोण, कधीपर्यंत, काय वेगळं करणार आहे. ते वाक्य जमलं की तीच मेलची पहिली ओळ. जमत नसेल तर मेल पाठवायची घाई करू नका, कारण तुमच्याकडे अजून सांगण्यासारखं काही नाहीये आणि नुसतं "आम्हाला काळजी आहे" सांगणाऱ्या मेलने लोक तुमचे मेल न वाचायला शिकतात, मग खरी गरज पडते त्या दिवशी कोणी उघडत नाही.

आणि कामाची, सुरक्षेची, समावेशाची (म्हणजे वेगवेगळ्या समाजगटांतल्या सगळ्यांना सामावून घेण्याची) बातमी एकाच मेलमध्ये कोंबू नका. तिन्हीचे वाचक वेगळे, वेग वेगळा, सूरही वेगळा. पगाराची बातमी दोन दिवस तपासून पाठवता येते, सुरक्षेची दोन मिनिटांत जावी लागते, आणि समावेशाच्या बाबतीत आधी ऐकून घ्यावं लागतं.

आधी कामाचं बघू. कॅम्पसवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे प्रश्न साधे असतात: मला लागू आहे का, कधीपासून, पैसे किती, आधीच्या कामाचे पैसे मिळणार का, आणि अडचण आली तर कोणाकडे जायचं. आता हे वाक्य वाचा: "बदलत्या आर्थिक परिस्थितीच्या पार्श्वभूमीवर विद्यार्थी रोजगाराच्या संधींचे पुनर्नियोजन करण्याचा निर्णय घेण्यात आला आहे." यात वरच्यापैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नाही, निर्णय कोणी घेतला तेही नाही. त्याऐवजी असं लिहा:

"कॅम्पसवर पार्टटाइम काम करणाऱ्या सगळ्या विद्यार्थ्यांसाठी. १ फेब्रुवारीपासून आठवड्याचे जास्तीत जास्त तास १५ वरून १२ होतील. ताशी दर तोच राहील. जानेवारीत केलेल्या कामाचे पूर्ण पैसे नेहमीच्या तारखेलाच मिळतील. हा निर्णय मी घेतलाय, कारण या वर्षी या कामासाठीचं बजेट कमी झालंय. यामुळे फी किंवा हॉस्टेलचं भाडं अडणार असेल तर २० जानेवारीच्या आत आर्थिक मदत विभागाला लिहा, त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवलीये."

शेवटचं वाक्य रक्कम खरंच बाजूला ठेवली असेल तरच लिहायचं, नसेल तर आधी ती ठेवा आणि मग मेल लिहा. मुलं खोटा दिलासा लगेच ओळखतात.

परदेशी विद्यार्थी असतील तर जास्त जपून. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, ब्रिटनमध्ये पदवीच्या बहुतेक विद्यार्थ्यांना सत्रात २० तास, कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून कॅम्पसबाहेर २४ तास, ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास. आता समजा परीक्षेच्या काळात माणसं कमी पडली आणि तुम्ही सरसकट लिहिलंत की "सर्व विद्यार्थ्यांनी जादा शिफ्ट घ्याव्यात", तर एखादा मुलगा उत्साहात २६ तास करून बसेल आणि त्याचा व्हिसा धोक्यात येईल, तुमच्या सहीच्या मेलमुळे. म्हणून तासांचा उल्लेख आला की "व्हिसावर असाल तर जादा शिफ्ट घेण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा" ही ओळ त्याच परिच्छेदात हवी, तळाला बारीक अक्षरात नको. अमेरिकेतल्या फेडरल वर्क-स्टडीचंही तेच, १९६४ पासून चालू असलेली ही काम करून शिकायच्या सरकारी मदतीची योजना परदेशी व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही, त्यामुळे "वर्क-स्टडीची कामं निघालीत, सगळ्यांनी अर्ज करा" असं लिहिलं की कित्येकांची उगाच आशा लागते.

अजून एक, सुपरवायझरना तोच मजकूर काही तास आधी द्या. मुलं पहिला प्रश्न त्यांनाच विचारतात आणि त्यांनी "मला पण आत्ताच कळलं" म्हटलं की तुमच्या मेलची किंमत शून्य. विद्यार्थी कामगारांची युनियन असेल किंवा संपाची चर्चा चालू असेल तर पाठवण्याआधी वकिलाला दाखवाच. अमेरिकेत खासगी विद्यापीठांतले टीचिंग आणि रिसर्च असिस्टंट हे कर्मचारीच आहेत असा निकाल तिथल्या राष्ट्रीय कामगार मंडळाने २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात दिला, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात असेच जवळपास ४८,००० शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले. अशा वेळी वरून आलेल्या पत्रातलं एखादं धमकीसारखं वाक्य कायद्याने महागात पडतं, आणि विश्वास जातो तो वेगळाच.

आता सुरक्षा. इथे थोडं थांबून बघूया, कारण इथे शब्दांवर जीव अवलंबून असतात.

१६ एप्रिल २००७, अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ. सकाळी सव्वासातच्या सुमारास एका हॉस्टेलमध्ये दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. कॅम्पसला पहिला मेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यात लिहिलं होतं की गोळीबाराची घटना घडलीये, पोलीस तपास करतायत, सावध रहा आणि काही संशयास्पद दिसलं तर कळवा. दोघं गेलेत हे नव्हतं, मारणारा सापडलेला नाही हे नव्हतं, घरात थांबा की वर्गात जा तेही नव्हतं. थोड्याच वेळात त्याच माणसाने नॉरिस हॉल या वर्गांच्या इमारतीत आणखी ३० जणांना मारलं. बंदूकधारी मोकाट आहे, इमारतीतच थांबा, खिडक्यांपासून लांब रहा असं स्पष्ट सांगणारा मेल आला ९.५० ला. हे दोन मेल शेजारी ठेवून वाचले की कळतं, "सावध रहा" ही सूचनाच नव्हे. सावध राहून करायचं काय?

अमेरिकेत १९९० पासून क्लेरी कायदा आहे, १९८६ मध्ये लीहाय युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलमध्ये खून झालेल्या विद्यार्थिनीच्या आईवडिलांनी पाठपुरावा करून आणलेला. त्यात गुन्ह्यांबद्दल वेळेवर इशारा देणं होतंच, २००८ मध्ये तात्काळ आपत्कालीन सूचनेची सक्तीही आली. हा फरक तुमच्या देशात कायदा नसला तरी डोक्यात ठेवा: आत्ता या क्षणी जिवाला धोका आहे तो मेसेज वेगळा, आणि काल रात्री चोरी झाली, चोर पुन्हा येऊ शकतो म्हणून दिलेला इशारा वेगळा.

पहिल्या प्रकारचा मेसेज असा: "विज्ञान इमारतीत आग. लगेच बाहेर पडा, लिफ्ट वापरू नका, मैदानावर जमा. इतरांनी तिकडे जाऊ नका. पुढची माहिती १०.२० ला." बस. ना कुलगुरूंचं नाव, ना खेद, ना लोगो. पुढची माहिती कधी हे मात्र दर वेळी लिहा आणि त्या वेळेला मेसेज पाठवाच, नवीन काही कळलं नसेल तरी "अजून आग आटोक्यात नाही, पुढची माहिती १०.४० ला" इतकं तरी. अफवा त्या मधल्या रिकाम्या वेळातच पसरतात. हे मेसेज आग, पूर, हल्ला, गॅसगळती अशा प्रसंगांसाठी आधीच लिहून ठेवायचे, फक्त जागा आणि वेळ भरायची. आणि रात्री तीनला पाठवायचा अधिकार ड्यूटीवरच्या माणसाला हवा, कुलगुरूंना उठवून मंजुरी घेत बसलात तर वीस मिनिटं तिथेच गेली. फक्त मेलवर भागत नाही, एसएमएस आणि भोंगाही लागतो.

दुसऱ्या प्रकारात लोक दोन चुका हमखास करतात. एक, "मुलींनी रात्री एकटं फिरू नये." दोष हल्ला करणाऱ्याचा आणि बंदी मुलींवर, असं होतं ते. त्याऐवजी तुम्ही काय करताय ते लिहा: पार्किंगचे दिवे आज दुरुस्त होतील, गस्त वाढवलीये, रात्री सोबत हवी असेल तर या नंबरवर फोन करा. दोन, संशयिताचं अर्धवट वर्णन. "उंच, सावळा, पंचविशीतला तरुण" एवढंच लिहिलंत तर कॅम्पसवरची शंभर मुलं त्या दिवशी संशयित झाली, लायब्ररीत शिरताना त्यांच्याकडे लोक वळून बघणार. ओळख पटेल असं काही ठोस असेल, कपडे, गाडी, जखम, कुठल्या दिशेने गेला, तरच वर्णन द्या, नाहीतर जागा, वेळ आणि गुन्ह्याचा प्रकार पुरे. पीडित व्यक्तीचं नाव, विभाग, हॉस्टेलची खोली यातलं काही नको, खोली नंबरवरून माणूस पाच मिनिटांत ओळखला जातो.

तक्रार कुठे करायची हे घटना घडल्यावर सांगण्यात अर्थ नाही, सत्राच्या सुरुवातीला सांगायचं. भारतात यूजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे साधारणपणे तीन महिन्यांत द्यावी लागते, आणि ही मुदत कित्येक मुलामुलींना ती संपल्यावर कळते. मेलमध्ये मुदत लिहा, समितीतल्या लोकांची नावं लिहा, तक्रार दिल्यावर पहिल्या आठवड्यात काय होतं तेही लिहा.

समावेशावर लिहिताना सगळ्यात आधी ठरवायचं की लिहायचं का. जगात कुठे काही वाईट घडलं की विद्यापीठाने पत्रक काढावं ही अपेक्षा असते, आणि एका समाजाच्या दुःखावर काढलं, दुसऱ्याच्या वेळी गप्प बसलात, की ते गप्प बसणंच लोकांच्या लक्षात राहतं. शिकागो विद्यापीठाने १९६७ च्या कॅल्व्हेन अहवालात अशा राजकीय-सामाजिक प्रश्नांवर तटस्थ राहण्याची भूमिका मांडली, हार्वर्डने मे २०२४ मध्ये जाहीर केलं की विद्यापीठाच्या मूळ कामाशी संबंध नसलेल्या सार्वजनिक विषयांवर अधिकृत पत्रकं काढणार नाही. तुम्ही कुठलीही बाजू घ्या, पण निकष शांत वेळी ठरवा आणि जाहीर करा. माझं मत विचाराल तर आपल्याच कॅम्पसवरच्या कोणाला त्रास होत असेल तर बोलायलाच हवं, तिथे तटस्थता चालत नाही.

बोलायचं ठरलं तर शब्द माणसाचे हवेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या गोळीबारानंतर व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या पीबॉडी कॉलेजच्या समावेश कार्यालयाने विद्यार्थ्यांना मेल पाठवला, एकमेकांना सांभाळून घ्या अशा आशयाचा, आणि त्याच्या खाली ओळ होती की मजकूर चॅटजीपीटीच्या आधारे लिहिलाय. मुलं प्रचंड दुखावली, कॉलेजला माफी मागावी लागली. त्या ओळीशिवायही तो मेल कोरडाच होता, कारण त्यात कुठल्याही कॅम्पसला चालतील अशीच वाक्यं होती. तुमच्या मेलमध्ये तुमच्याच कॅम्पसच्या गोष्टी हव्यात: प्रार्थनेची खोली आज रात्रभर उघडी आहे, समुपदेशक या इमारतीत आहेत, उद्याची परीक्षा ज्यांना जमणार नाही त्यांनी इतकंच लिहून कळवा, पुरावा मागणार नाही.

ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांच्यापैकी दोघातिघांना ड्राफ्ट दाखवा आणि त्यांनी सुचवलेले बदल खरंच करा. "काही घटकांना" असं मोघम लिहू नका, ते स्वतःसाठी जो शब्द वापरतात तो वापरा. आणि सही-शिक्क्याचं पत्र स्कॅन करून फोटो म्हणून पाठवायची सवय सोडा, स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध विद्यार्थ्याला त्या फोटोत काहीच ऐकू येत नाही, म्हणजे समावेशावरचं पत्रच त्याला वगळून गेलं. मजकूर मेलमध्येच टाइप करा.

शेवटी पाठवायच्या वेळेचं. वाईट बातमी शुक्रवारी संध्याकाळी पाठवू नका, मुलांना दोन दिवस कोणी उत्तर द्यायला नसतं. मेल अशा पत्त्यावरून पाठवा जिथे उत्तर देता येतं, आणि पुढचे दोन दिवस ती उत्तरं वाचायला एक माणूस बसवा. एकच प्रश्न दहा जणांनी विचारला तर मेलमध्ये काहीतरी सुटलंय, तर त्याच दिवशी दुरुस्तीचा छोटा मेल पाठवा, विषयाच्या ओळीत "दुरुस्ती" असं स्पष्ट लिहून.